येऊ का?

मला एक सांगा, तुमच्या घरी न सांगता, न विचारता शेवटचं कोण आलं होतं? कुरिअरवाला धरायचा नाही. आठवत नाही ना? मलाही नाही आठवत. आपल्याकडे माणूस गेटवर आला की वॉचमन इंटरकॉमवर विचारतो, ‘मॅडम, अमुक आलेत, पाठवू का?’ आपण ‘पाठवा’ म्हणतो आणि लिफ्ट वर येईपर्यंत सोफ्यावरचे कपडे उचलून बेडरूममध्ये फेकतो. हल्ली तर फोन करायचा असला तरी लोक आधी मेसेज टाकतात, ‘कॉल करू का?’

मी मूळची गोंदिया जिल्ह्यातली. आमगावची. आमच्याकडे ही भानगड नव्हती. दार दिवसभर सताड उघडं. येणारा अंगणातून आवाज द्यायचा, ‘आहेत का घरी?’ आणि उत्तर मिळायच्या आत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पोचलेला असायचा. मुंबईत आले तेव्हा इथलं विचारून-बिचारून येणं मला जाम कोरडं वाटायचं. आता सवय झालीय. इतकी, की बेल अचानक वाजली तर मी आधी टीव्हीचा आवाज बंद करते.

पण ‘येऊ का?’ या दोन शब्दांचा खरा फंडा मला ना आमगावने शिकवला, ना मुंबईने. तो शिकवला एका गेमने. हसू नका. वय वर्षं चौतीस, आयटी कंपनीत टीम लीड, दिवसभर क्लायंटची बोलणी खाते आणि रात्री जेवण झालं की माईनक्राफ्ट खेळते. भाच्याबरोबर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माईनक्राफ्ट म्हणजे ठोकळ्यांचं जग. माती, दगड, लाकूड, सगळं चौकोनी. खणायचं, गोळा करायचं, बांधायचं. २०११च्या नोव्हेंबरात त्याची पहिली पूर्ण आवृत्ती आली. गेम संपत नाही, कारण जिंकायचं असं विशेष काही नसतंच. एकट्याने खेळता येतो. पण मजा सर्व्हरवर. सर्व्हर म्हणजे चोवीस तास चालू असलेलं एक सामायिक जग, ज्यात आपापल्या घरी बसलेली माणसं एकदम शिरतात. पाच जण असोत की पाच हजार.

आमचा सर्व्हर २०२०चा. त्या मार्चमध्ये गाड्या बंद झाल्या आणि मी ठाण्यातल्या वन बीएचकेत एकटी अडकले. ताई गोंदिया शहरात. तिचा मुलगा तेव्हा पाचवीत जाणार होता. ऑनलाइन शाळेसाठी ताईने लॅपटॉप घेतला आणि पठ्ठ्याने महिन्याभरात त्यावर शाळा सोडून बाकी सगळं सुरू केलं. ‘मावशी, एक सर्व्हर घेऊन दे नं.’ भाडं महिन्याला दोन पिझ्झांइतकं. आणि त्या दिवसांत पिझ्झा मागवायची तशीही भीतीच वाटायची. घेतला.

हळूहळू त्याचे वर्गमित्र आले, मग त्यांची भावंडं. निम्म्यांकडे कॉम्प्युटर नव्हता. मोबाइलवरची आवृत्ती वेगळी असते, ती सरळ आमच्या सर्व्हरला जोडली जात नाही. पण त्यासाठी गीझर नावाचं एक फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे. ते बसवलं आणि आईच्या, काकाच्या, दादाच्या फोनवरून पोरं यायला लागली. फोन हातातून कधी काढून घेतला जाईल त्याचा नेम नाही, त्यामुळे आमच्याकडे माणसं वाक्य अर्धवट टाकून गायब होतात. कोणी मनावर घेत नाही.

त्या पोरांनी काय केलं ठाऊक आहे? गोंदिया बांधला. म्हणजे नकाशा बघून नव्हे, मनातून. स्टेशन, मोठा पूल, राईस मिल. आता गंमत अशी, की माईनक्राफ्टमध्ये भात नाही. गहू आहे, बटाटा आहे, गाजर, बीट, कलिंगड, सगळं आहे. पण धान नाही. धानाच्या जिल्ह्यातल्या पोरांना हे काही पटेना. मग सभा झाली आणि ठराव पास झाला, की आजपासून गव्हाला धान म्हणायचं. आजही आमच्या सर्व्हरवर ‘गहू’ म्हटलं तर नवखा समजतात. बांध घातले, बांध्या पाडल्या, एक मोठा मामा तलाव खणला. (हा मामा कोणाचा भाऊ नव्हे बरं का. माजी मालगुजारी तलाव, त्याचं सुटसुटीत रूप. भंडारा-गोंदियाकडे फिरलात तर पाटी दिसेल.) तलावाकाठी पांढऱ्या-लाल लोकरीच्या ठोकळ्यांची सारसाची जोडी उभी केली. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, तशी तिथेही भरते. दुकानं, पाळणा, दंडारीसाठी लाकडी स्टेज. माझ्या ऑफिसच्या दिवाळी पार्टीपेक्षा सही.

एवढं पसरलं की अंतराचा प्रश्न येतो. नवा माणूस ज्या जागी उगवतो तिथून मामा तलावापर्यंत पायी पंधरा मिनिटं. वाटेत रात्र झाली तर झोंबी, सांगाडे, आणि हळूच मागे येऊन स्फोट होणारे ते हिरवे क्रीपर. मग पोरं म्हणाली, टेलिपोर्ट सुरू कर.

इथून खरी गोष्ट सुरू होते.

साध्या माईनक्राफ्टमध्ये टेलिपोर्टची सोय सगळ्यांना नसते. ती ऑपला असते. ऑप म्हणजे ऑपरेटर, सर्व्हरचा मालक म्हणा. पैसे मी भरत होते म्हणून ऑप मी होते. बाकीच्यांना द्यायची तर इसेन्शियल्स नावाचं प्लगइन बसवायचं आणि कोणाला काय करता येईल ते एकेक करून ठरवायचं. प्रत्येक कमांडची परमिशन वेगळी. पहिल्या दिवशी ती यादी बघून मला वाटलं, आपल्या एचआरने लिहिलीय की काय!

‘टीपी’ ही सगळ्यात सरळ. स्लॅश टीपी लिहून समोरच्याचं नाव टाकलं की झालात हजर, थेट त्याच्या अंगावर. त्याला कोणी विचारत नाही. दुसरी ‘टीपीए’. यातला ‘ए’ म्हणजे विचारणं. तुम्ही ती दिलीत की समोरच्याच्या स्क्रीनवर ओळ उमटते: अमुकला तुमच्याकडे यायचंय, हो म्हणा किंवा नाही म्हणा, १२० सेकंदांत विनंती रद्द होईल. तो काहीच बोलला नाही तर दोन मिनिटांनी ती आपोआप विरून जाते. ना होकार, ना नकार, ना अपमान. तिसरी ‘टीपीए-हिअर’. ही उलटी. ‘मी तुझ्याकडे येऊ का’ असं नाही, ‘तू माझ्याकडे ये.’ आणि चौथी ‘टीपी-टॉगल’, म्हणजे आतून कडी. ती लावली की तुमच्याकडे कोणी टेलिपोर्ट करूच शकत नाही.

पोरांना टीपीए दिलं. सोबत पाच सेकंदांचा थांबा ठेवला. होकार मिळाल्यावर पाच सेकंद जागचं हलायचं नाही, हललं की रद्द. बऱ्याच सर्व्हरवर असा थांबा असतो. मारामारीत हरायला लागलेला गडी मध्येच पळून जाऊ नये म्हणून. पोरांनी कुरकुर केली. मला मात्र तो थांबा बघून आमच्या आईची आठवण झाली.

कशी ते सांगते. मी घरी जाते विदर्भ एक्स्प्रेसने. संध्याकाळी बसलं की दुसऱ्या दिवशी दुपारच्या आसपास गोंदिया. नागपूर गेलं की ताईचे फोन सुरू होतात. ‘भंडारा रोड आलं का? तुमसर रोड गेलं का?’ तुमसर रोड गेलं की जिजाजी गाडीची चावी शोधतात. तिरोडा गेलं की ताई भात टाकते. म्हणजे साडेनऊशे किलोमीटर मी येत असते आणि तेवढा वेळ घर मला आत घ्यायची तयारी करत असतं. अंथरूण बदललं जातं, भांडण झालं असेल तर ते मिटवलं किंवा झाकलं जातं, भाच्याचा कपाटाबाहेरचा पसारा कपाटात जातो. मी दारात पोचते तेव्हा सगळे जण ‘अगंबाई, आलीस पण!’ असा चेहरा करून उभे असतात.

टेलिपोर्टमध्ये हा प्रवासच नाही. भंडारा रोड नाही, तिरोडा नाही. म्हणून तिथे विचारणं लागतं. घरच्यांना गाडीमुळे जो वेळ मिळायचा तो आता ‘येऊ का?’ या प्रश्नानेच द्यायचा असतो. अंगणातून आवाज देणारे आमचे शेजारीही, आता विचार केला तर, काही टपकत नव्हते. फाटकापासून उंबऱ्यापर्यंत चालत येत होते. मधे तुळस, मधे चपला काढणं. पाच सेकंद सहज होतात.

हे शहाणपण तेव्हा होतं असं समजू नका. तेव्हा आमच्याकडे एक राडा झाला.

ऑफिसमधला एक सहकारी खूप दिवस मागे लागला होता, ‘यार, मला पण घे ना तुझ्या त्या गोंदिया सर्व्हरवर.’ नाव सांगत नाही, हा अंक आमच्या पॅन्ट्रीत येतो. घेतला. पहिल्याच रात्री त्याने सगळ्यात धाकट्या पोराला टीपीए पाठवला. तिसरीतलं पोर. त्याने लगेच ‘हो’ केलं. हा गेला, ‘वा, मस्त घर आहे’ म्हणाला आणि पोर जेवायला उठल्यावर सगळ्या पेट्या साफ केल्या. हिरे, लोखंड, सगळं. दुसऱ्या एकाला टीपीए-हिअर पाठवून बोलावलं, तो नेमका खड्ड्यात उतरला, मेला, आणि त्याच्या अंगावरचं सामान याने गोळा केलं. ही जुनीच चलाखी आहे. मेलेल्याचं सामान जागेवर पडतं, पाच मिनिटांत उचललं नाही तर नाहीसं होतं, आणि बिचारा मेलेला तोवर दूर कुठेतरी उगवलेला असतो.

मी दुसऱ्या दिवशी त्याला कॉफी मशीनपाशी गाठलं. तो खो खो हसला. ‘अगं, गेमच आहे तो!’

त्याचं काय व्हायचं ते झालं, मी त्याला काढून टाकलं. सामानही परत आणलं. कोअरप्रोटेक्ट नावाचं एक प्लगइन असतं, कोणत्या पेटीतून कोणी कधी काय काढलं याची ते नोंद ठेवतं आणि झालेलं उलटं फिरवता येतं. दहा मिनिटांत हिरे जागच्या जागी. पण मी त्या धाकट्याला विचारलं, ‘अरे, अनोळखी माणसाला हो काऊन म्हटलं?’ तर म्हणतो, ‘पाहुण्याले नाही म्हनते का?’

आता यावर काय बोलणार? बरोबरच आहे त्याचं. त्याच्या घरी नाही म्हणत नाहीत. माझ्याही नव्हते म्हणत. मी त्याला ‘नाही’चं बटण दाखवलं, पण दाखवताना कसंतरीच वाटलं. तिसरीतल्या पोराला मी मुंबई शिकवत होते.

तसा हा प्रश्न काही एकट्या आमच्या सर्व्हरचा नाही. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट आठवतो? २००४चा. त्यात लांबच्या मित्राला बोलावून घेण्याची विद्या वॉरलॉककडे होती. पण एकट्याने जमायचं नाही, सोबत आणखी दोघांना उभं राहावं लागायचं. आणि एवढे तिघं मंत्र म्हणत उभे राहिले तरी ज्याला बोलावलंय त्याच्या स्क्रीनवर विचारणा यायची, येतोस का? त्याने नाही म्हटलं तर तिघं तसेच उभे. सेकंड लाइफमध्येही, ते २००३चं, टेलिपोर्टचं आमंत्रण पाठवायचं आणि समोरच्याने ते घ्यायचं किंवा नाकारायचं. म्हणजे ज्यांनी ज्यांनी माणसांना क्षणात इकडून तिकडे नेणारं जग बांधलं, त्यांना शेवटी दारावर टकटक करायची सोयही बांधावी लागली. वेळ पडल्यावर सुचलं असणार. आम्हालाही वेळ पडल्यावरच सुचलं.

तर राड्यानंतर पोरांची सभा झाली आणि नियम ठरले. नियम कसले, रीतभात. भांडणात किंवा खाणीत खोल असलेल्याला टीपीए पाठवायचा नाही. एकदा नाही म्हटलं की पुन्हा लगेच पाठवायचा नाही. सारखं सारखं दार वाजवणारा सगळ्यांनाच नकोसा. कोणाकडे गेलं की पेटी उघडण्याआधी विचारायचं. टीपीए-हिअर फक्त गरजेला आणि का बोलावतोय ते आधी सांगून. आणि जाताना ‘येतो’ म्हणून जायचं. ही शेवटची अट मुलींनी घातली. मला सगळ्यात आवडली.

हे सगळे नियम खेळाडूंसाठी होते. ऑपसाठी एकही नव्हता. कोणाच्या डोक्यातच आलं नाही. ऑप म्हणजे मावशी, आणि मावशीपासून काय धोका?

भाचा यंदा दहावीत आहे. त्याच्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री मी ठरवलं, बारा वाजता त्याला गेममध्ये केक द्यायचा. माईनक्राफ्टमध्ये केक करता येतो. तीन बादल्या दूध, दोन साखर, एक अंडं आणि तीन गहू. सॉरी, धान. दूध काढायला गाय शोधण्यापासून सगळं मी हाताने केलं, ऑपगिरी केली नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आठचा कॉल होता. बारापर्यंत कोण जागणार? म्हटलं, साडेदहालाच देऊन टाकू.

स्लॅश टीपी. नाव. एंटर.

स्क्रीनवर उत्तर आलं, या खेळाडूने टेलिपोर्ट बंद ठेवलंय.

आतून कडी. बाहेरच्याला यापेक्षा स्पष्ट काय सांगायचं? पण इसेन्शियल्समध्ये ऑपसाठी आणखी एक कमांड असते, टीपीओ. यातला ‘ओ’ म्हणजे ओव्हरराइड. कडी असली तरी उघडते. मी एक सेकंदही थांबले नाही. उलट मला मजाच वाटली, बर्थडे बॉयला कसं गाठलं!

मामा तलाव. रात्र. पाण्यात दोन नावा शेजारी शेजारी. एकीत भाचा, एकीत त्याच्या वर्गातली एक मुलगी. ती सुरुवातीपासून सर्व्हरवर होती, सारसाची जोडी तिनेच बांधलेली. आणि दोन नावांच्या मधे, हातात केक घेऊन, पाण्यात डुबूक करून मी.

एक सेकंद कोणीच हललं नाही. मग पिवळ्या अक्षरांत ओळ आली, ती गेममधून बाहेर पडली.

‘मावशी, तू काऊन आली?’

मी ‘हॅपी बर्थडे!!!’ असं टाइप करत होते. तीन उद्गारचिन्हांसह. ते गेलं. मग त्याचं आलं, ‘माझं बंद होतं नं? मग?’ आणि तोही बाहेर पडला.

बरं, ती दोघं करत काय होती? काही नाही. नावेत बसून बोलत होती. गोंदियात दहावीतल्या मुलाने आणि मुलीने तासभर शेजारी बसून नुसतं बोलायचं म्हटलं तर कुठे बसणार, सांगा? ट्यूशनबाहेर दहा मिनिटं सायकल धरून उभं राहिलं तर संध्याकाळपर्यंत घरी बातमी पोचते. मी तिथेच वाढले, मला माहीत आहे. कोणत्या काकूंनी कुठून बघितलं ते शेवटपर्यंत कळत नाही. या पोरांनी हुशारीने एक तलाव खणला होता, जिथे काकू येऊ शकत नव्हत्या. तिथे मी काकू होऊन गेले.

त्या रात्री मला राग भाच्याचा आला, खोटं कशाला सांगू. एवढ्या प्रेमाने केक केला आणि हा काय वागतो? सर्व्हरचे पैसे कोण भरतं? हे वाक्य मी खरंच टाइप केलं होतं. पाठवलं नाही, एवढंच काय ते पुण्य.

मग झोप येईना तेव्हा आठवलं. नोकरी लागली तेव्हा मी पीजीत राहायचे. मालकीणबाई फार चांगल्या. पण त्यांच्याकडे खोलीची दुसरी चावी होती आणि त्या कधीही यायच्या. एकदा होळीला मी आतून दार लावून आईशी फोनवर बोलत होते. बोलत कसली, नोकरी झेपत नाही म्हणून रडत होते. दारात खट्ट आवाज झाला आणि बाई आत! हातात ताट, ताटात पुरणपोळी. ‘सणाचं एकटी बसलीस म्हणून आणली गं.’ मी डोळे पुसून थँक्यू म्हटलं, पोळी खाल्ली, अप्रतिम होती, आणि पुढच्या महिन्यात ती जागा सोडली. कारण विचारलं तेव्हा ‘ऑफिस लांब पडतं’ म्हणाले. बाईंना आजही वाटत असेल, मुलगी विचित्रच होती, एवढं केलं तिचं.

भाच्याने आठ दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. ते चालेल. पण ती मुलगी यायचीच बंद झाली. तिच्या जागी मी असते तर काय विचार केला असता? त्याची मावशी सगळं बघून गेली. मावशी ताईला सांगणार, ताई कोणाला तरी सांगणार, आणि प्रकरण आपल्या घरी पोचणार. दहावीचं वर्ष. फोन जाईल, कदाचित ट्यूशनही. सर्व्हरच्या भाषेत सांगायचं तर, पेटीतले हिरे मला दहा मिनिटांत परत करता आले होते. मी जे बघितलं होतं ते परत करायची कमांड कोअरप्रोटेक्टमध्ये नाही.

ताईचा फोन आलाच. ‘तुमचं दोघांचं काय बिनसलं गं? तो नावही घेत नाही तुझं.’ ताईपासून मी आजवर काही लपवलेलं नाही. माझे दोन ब्रेकअप तिला आईच्या आधी माहीत होते. मी म्हटलं, ‘काही नाही गं, गेममध्ये हरवलं त्याला.’

मग त्याला मेसेज केला. गेममधून नाही, साधा. लिहिलं, चुकलं माझं. कडी लावली होती ते दिसलं होतं, तरी आले. कोणाला काही सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. हे तिलाही सांग.

दोन दिवसांनी उत्तर आलं. एकच ओळ. ‘ऑप काढ.’

मला हसूही आलं आणि लागलंही. पाच वर्षं ज्याचं भाडं भरतेय त्या घरातून चावी परत मागतात म्हणजे! पण बसले एका शनिवारी. परमिशन वाटायला लकपर्म्स नावाचं प्लगइन असतं, त्यात गट करता येतात. पोरांनी एक ‘गावकरी’ गट केला होता. मी स्वतःचं ऑप काढलं आणि स्वतःला गावकऱ्यांत टाकलं. टीपी नाही, टीपीओ नाही. टीपीए आणि पाच सेकंदांचा थांबा, बाकीच्यांसारखा. काही बिघडलं, कोणी त्रास दिला, तर टीपीओ लागतंच. ते एका वेगळ्या नावाला दिलं, आणि ते नाव वापरलं की सगळ्यांच्या चॅटमध्ये ‘पाटील आले’ अशी ओळ दिसेल अशी सोय भाच्यानेच केली. गुपचूप येता येणार नाही.

खरं सांगायचं तर हे सगळं तसं नाटकच आहे. सर्व्हरच्या पॅनलचा पासवर्ड माझ्याकडे आहे. मनात आणलं तर दहा सेकंदांत मी पुन्हा ऑप होऊ शकते. हे त्यालाही माहीत आहे. त्याने पासवर्ड मागितला नाही.

त्यानंतर एक गोष्ट लक्षात आली. मी पाच वर्षांत त्या जगात जवळजवळ चाललेच नव्हते. ऑप होते ना, कशाला चालणार? आता टीपीए पाठवते आणि तो अभ्यासात असतो किंवा कोणाबरोबर असतो किंवा त्याला मी नको असते, आणि १२० सेकंद जातात. मग मी निघते पायीच. त्यामुळे कळलं की स्टेशनपासून मिलकडे जाताना कोणीतरी चहाची टपरी टाकलीय. मिलच्या मागे एका पोराने आपल्या मेलेल्या कुत्र्याची समाधी बांधलीय, पाटीवर त्याचं नाव आणि ‘गुड बॉय’. मंडईचं मैदान रिकामं असलं की बरंच मोठं दिसतं. या वाटा पोरांना पाठ आहेत.

परवा शुक्रवारी रात्री असंच झालं. ऑफिसमध्ये वाट लागली होती, डोकं फिरलेलं. म्हटलं, भाच्याशी दोन शब्द बोलू. टीपीए पाठवला. दोन मिनिटं काही नाही. विनंती रद्द. निघाले चालत. टपरी, मिल, बांधाबांधाने. तलाव दिसायला लागतो तिथे आता एक नवी पाटी आहे, लाकडी, कोणी लावली माहीत नाही. तिच्यावर लिहिलंय, ‘आवाज देऊन या.’

मी पाटीपाशी थांबले. तलावात सारसाच्या जोडीच्या पलीकडे दोन नावा होत्या.

मी आवाज दिला नाही. चॅटमध्ये ‘येते’ एवढं लिहिलं आणि मागे फिरले. मिलपर्यंत पोचले असेन-नसेन, स्क्रीनवर ओळ आली. भाच्याचा टीपीए-हिअर. आणि त्याच्याखाली, नियमाप्रमाणे, कारण: ‘ती म्हनते, केक राहिला होता.’

केक माझ्याकडे नव्हता. तो त्या रात्री तलावात पडला होता. मी धानाच्या बांधीकडे वळले, तीन पेंढ्या कापल्या आणि गाय शोधायला लागले. १२० सेकंदांत होणार नव्हतं. त्यांना लिहिलं, थांबा, आणते.